घूं घालवायचीय? आधी अर्थिंगची पिन परत जोडा



पोस्ट लांब आहे आणि विषय थोडा तांत्रिक आहे. पण घरात कुणाला रेडिओचं वेड नसलं तरी वाचा, कारण यातली निम्मी गोष्ट तुमच्या गणपतीच्या मांडवाची आहे.

मत आधीच सांगून टाकतो. दोन यंत्रं एकमेकांना जोडली की स्पीकरमधून जी 'घूंsss' सुरू होते, ती घालवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकायची, हा उपाय मला मुळीच मान्य नाही. आणि "थोडी घूं चालते हो, बोलणं कळतंय ना?" असं म्हणून ती तशीच ठेवायची, हेही पटत नाही. घूं कुठून येते ते शोधायचं असतं. एक दुपार बसलं तर ते सापडतं, आणि बहुतेक वेळा किरकोळ सामानात मिटतं.

आता हॅम रेडिओ म्हणजे काय ते थोडक्यात. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, हौसेखातर स्वतःच्या रेडिओवरून बोलणारे आम्ही लोक. जनरल परवाना असेल तर नाव व्हीयू२ ने सुरू होतं, रिस्ट्रिक्टेड असेल तर व्हीयू३ ने. यावर पैसा कमवायचा नाही, हा पहिला नियम. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ ही संस्था १९८३ पासून आमच्या हैदराबादेतच आहे, त्यामुळे या गावाला हॅम काही नवीन नाही. काचीगुडा, सुलतान बझार, बरकतपुरा इथल्या मराठी घरांतही एखाद्या गच्चीवर टीव्हीचा नसलेला एक अँटेना दिसतो, तो बहुधा आमच्यापैकी कुणाचा तरी.

हातातला छोटा सेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. त्याची धाव नजरेइतकी. मध्ये इमारती आल्या की सुलतान बझारातून बोललेलं कुकटपल्लीत पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलून दाखवतो. असे दोन-तीन रिपीटर, परवान्याच्या नियमांत राहून, एकमेकांना जोडले की एका गावचं बोलणं दुसऱ्या गावात ऐकू येतं. यालाच आम्ही लिंक म्हणतो.

आता कुणी म्हणेल, खिशात मोबाईल असताना हा उपद्व्याप कशाला?

आपल्या हैदराबादच्या मराठी घरांचं गणगोत कुठे आहे ते आठवा. लातूर, नांदेड, धाराशिव, परभणी, बिदर. १९४८ पर्यंत हे सगळं निजामाच्या एकाच राज्यात होतं आणि १९५६ साली तीन राज्यांत वाटलं गेलं. सोयरिकी काही वाटल्या गेल्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. हजारो गेली. इथे आमच्या गल्लीत ज्यांची माणसं औसा-निलंगा भागात होती, त्यांचे फोन लागेनात. त्या दिवसांत हॅम मंडळींनी भूकंपाच्या भागात सेट आणि बॅटऱ्या नेऊन निरोप पोचवायचं काम केलं. मोबाईलचा टॉवर वीज गेली की काही तास टिकतो, आणि टिकला तरी गर्दीने गुदमरतो. बॅटरीवरचा रिपीटर तेव्हा कामाला येतो. पण त्याच्यातून माणसाचा आवाज स्पष्ट आला पाहिजे. अर्धवट ऐकलेलं गावाचं नाव, चुकीचा आकडा, चुकीचं औषध, हे त्या वेळेला महागात पडतं.

म्हणून घूं हा माझ्या लेखी बारीक विषय नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. जागेचं आणि माणसांचं नाव घेत नाही. दोन रिपीटरांची लिंक करायचं काम चाललं होतं. वेगवेगळे चालवले तर दोन्ही एकदम साफ. मधली केबल लावली की घूं. एका कारागिराला बोलावलं. त्याने इकडे-तिकडे पाहिलं, पक्कड काढली, पॉवर सप्लायच्या प्लगची जाडी पिन कापली आणि म्हणाला, "हो गया साब." खरंच घूं गेली. मंडळी खूश. दोन दिवसांनी एकाने पावसातून येऊन ओल्या हाताने रेडिओचं कॅबिनेट धरलं आणि झटक्याने हात मागे घेतला. टेस्टर लावला तर कॅबिनेटवर पेटला. नशिबाने निभावलं.

हे का झालं ते समजून घेऊ, कारण हेच तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचंही आहे.

आजकालच्या बहुतेक सप्लायमध्ये आत दोन बारके कॅपॅसिटर असतात. एक फेजकडून बॉडीला, दुसरा न्यूट्रलकडून बॉडीला. त्यांचं काम विजेतली खरखर गाळायचं. अर्थिंग जोडलेलं असलं तर त्यांच्यातून येणारी किंचित गळती गुपचूप जमिनीत जाते. अर्थिंग तोडलं की जायला वाट नाही, आणि बॉडी २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास जाऊन बसते. करंट अगदी थोडा, म्हणून नुसती झिणझिणी येते. पण उद्या आतली फेजची वायर खरवडून बॉडीला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट. अर्थिंग असतं तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता किंवा ब्रेकर पडला असता. अर्थिंग नाही म्हणून काहीच उडत नाही. कुणीतरी हात लावण्याची वाट पाहत ते कॅबिनेट तसंच बसून राहतं.

मग पिन कापल्यावर घूं का गेली? कारण घूं येत होती ती दोन अर्थिंगांच्या भांडणातून. एक रेडिओ या पॉइंटवर, दुसरा त्या पॉइंटवर. दोन्हीकडची जमीन नावाला एकच, पण त्यांच्यात थोड्या मिलिव्होल्टचा फरक असतोच. त्यातून आपला दख्खनचा खडक. हैदराबादेत खाली ग्रॅनाइट, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायची आठवण कुणाला राहत नाही. दोन्ही रेडिओंच्या मध्ये ऑडिओची केबल लावली, की तिची बाहेरची जाळी या दोन जमिनींना जोडते. फरक तिच्यातून वाहायला लागतो. तो ५० हर्ट्झचा असतो आणि आपल्या बोलण्यात मिसळतो. एकटे रेडिओ साफ आणि जोडल्यावर घूं, याचं कारण हे. म्हणजे भांडण आहे ते ऑडिओच्या केबलमध्ये. तोडायचं ते तिथे. जीव वाचवणारी वायर तोडून काय मिळवलं?

आता कसं शोधायचं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. चार जण चार बाजूंनी हात घालायला लागले की घूं गेली तरी कशाने गेली ते कळत नाही, आणि महिन्याने परत येते.

१. केबल काढा आणि प्रत्येक रेडिओ वेगळा ऐका. एकट्यालाही घूं असेल तर लिंकला दोष देऊ नका. त्याचा सप्लाय बघा.

२. आवाज ओळखा. मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट ॲप मिळतं. रेघा १००, २००, ३०० वर असतील तर संशय सप्लायच्या फिल्टर कॅपॅसिटरवर, कारण डायोडमधून गेल्यावर आपली ५० ची वीज १०० ची होते. ५० आणि १५० ठळक असतील तर जमिनींचं भांडण, किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओत ६० आणि १२० म्हणतात, ते त्यांच्याकडचं. बारक्या स्पीकरमधून ५० नीट ऐकूच येत नाही, म्हणून नुसत्या कानावर विसंबू नका.

३. एक रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. स्कूटरची चालेल, फक्त पॉवर कमी ठेवा. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढा. घूं गेली तर कारण त्या सप्लायच्या किंवा चार्जरच्या वाटेनेच येतंय. या तपासणीला वायर कापावी लागत नाही.

४. वाट कळली की ऑडिओच्या मध्ये एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. ६०० ओहमला ६०० ओहम. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याची वायर मात्र दोन्हीकडे सुटी राहते. जाळीसुद्धा पलीकडे जोडायची नाही. कोटीला गुजराती गल्लीत विचारा. नाही मिळाला तर घरच्या माळ्यावर जुना डायल-अप मोडेम पडला असेल, तो उघडा. टेलिफोनच्या लाइनसाठी त्यात हाच ट्रान्सफॉर्मर असतो. जुनं सामान टाकू नये म्हणतात ते यासाठी!

५. इथे बरेच जण फसतात. ट्रान्सफॉर्मर घातला तरी घूं तशीच. कारण रेडिओला 'आता बोल' असं सांगणारी जी पीटीटीची वायर असते, तिच्याबरोबर ग्राउंड पलीकडे गेलेलंच असतं. पुढचं दार लावलं, मागचं उघडं. पीटीटीसाठी ऑप्टोकप्लर घाला, पीसी८१७ चालतो, किंवा साधा छोटा रिले. लॅपटॉपची यूएसबी केबल हे तिसरं दार. एकाच सप्लायवर दोन्ही रेडिओ असतील तर निगेटिव्ह वायर हे चौथं. बोलताना रेडिओ बरेच ॲम्पिअर ओढतो. निगेटिव्ह बारीक असेल तर त्यातला काही करंट ऑडिओच्या जाळीतून परत यायला बघतो. म्हणून दोन्ही निगेटिव्ह जाड, आखूड आणि थेट सप्लायच्या एकाच टर्मिनलवर घ्या.

६. आवाजाची पातळी बघा. स्पीकरमधून निघतात व्होल्ट, माइकला हवेत मिलिव्होल्ट. आवाज पाठवतानाच बारीक केला तर वाटेतली दोन मिलिव्होल्ट घूं त्याच्या बरोबरीची होते. म्हणून पाठवताना मोठा पाठवा आणि ज्या टोकाला घ्यायचा तिथे कमी करा. १० किलोओहम मालिकेत आणि १०० ओहम ग्राउंडला लावला की शंभरावा भाग उरतो, आणि त्याच्याबरोबर केबलमधली घूंही तेवढीच कमी होते.

७. एवढं करूनही राहिली तर तुमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर सप्लायच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून तर नाही ना ते बघा. एक फूट लांब न्या, काटकोनात फिरवा. फक्त बोलतानाच भरभर येत असेल तर अँटेनाची शक्ती ऑडिओत शिरतेय. तिथे केबलवर फेराइटचे मणी लागतात.

आणि एक फसवी घूं असते, ती विजेची नसतेच. रिपीटर फालतू सिग्नलला उघडू नये म्हणून बोलण्याबरोबर एक खालचा सूर पाठवतात, त्याला सीटीसीएसएस म्हणतात. ६७ पासून अडीचशे हर्ट्झपर्यंत त्याचे ठरलेले आकडे आहेत, ८८.५, १००.०, १२३.० असे. तो ऐकणाऱ्याच्या कानी पडू नये म्हणून ३०० हर्ट्झच्या खालचं गाळावं लागतं. लिंकवाल्याने आवाज गाळणीच्या आधीच उचलला तर तो सूर सगळीकडे घुमतो. अशा वेळी अर्थिंगचे दहा खड्डे खणले तरी उपयोग नाही. त्यातही कुणी सूर १००.० ठेवला असेल तर आणखी गोंधळ. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचा नियम आहे. तिची दुप्पट म्हणजे ९९.८ ते १००.१. सप्लायची घूं आणि हा सूर शेजारी-शेजारी येतात आणि आवाज हळूहळू वर-खाली होत राहतो. माझं सांगणं, लिंकसाठी १००.० घेऊच नका. ८८.५ घ्या, म्हणजे रेघ दिसताक्षणी कळेल की वीज कोणती आणि सूर कोणता.

आता "थोडी चालते" वाल्यांशी दोन शब्द. यात माझे मित्र आहेत, तेव्हा रागावू नका.

एका रिपीटरवर थोडी चालते, हौ. पण तीन जोडले की तिघांची थोडी-थोडी एकत्र होते आणि प्रत्येक स्टेशनवर ऐकू येते. काही लिंक आवाज आला की आपोआप चालू होणाऱ्या, म्हणजे व्हॉक्सवर असतात. तिथे घूं जरा वाढली की यंत्राला वाटतं कुणीतरी बोलतंय. मग ट्रान्समीटर अडकून बसतो आणि खरंच बोलायचं असलेल्याला जागाच मिळत नाही. शिवाय १०० हर्ट्झची घूं ही बहुतेक वेळा सुकत चाललेल्या कॅपॅसिटरची तक्रार असते. आज सॉफ्टवेअरने गाळून टाकली तर ऐकू येणार नाही, पण कॅपॅसिटर सुकायचा थांबत नाही. तो सप्लाय नेमका कोणत्या दिवशी बसेल? ज्या दिवशी रिपीटर चोवीस तास चालेल त्या दिवशी. म्हणजे पुराच्या, वादळाच्या, भूकंपाच्या दिवशी.

गाळणीला माझा विरोध नाही. सूर गाळायला ती हवीच. पण रोग न शोधता ती लावली तर ताप आलेल्याचा थर्मामीटर फोडल्यासारखं होतं.

आता मांडवाकडे येऊ.

इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, ग्वाल्हेरला, आमच्याकडे हैदराबादेत, सगळीकडे आता गणपतीत हेच दृश्य. लॅपटॉपवरून अथर्वशीर्ष लावायचं, मुलांच्या नाचाची गाणी लावायची, शिवाय परदेशातल्या नातवंडांसाठी आरती लाइव्ह दाखवायची. लॅपटॉपची पिन ॲम्प्लिफायरला लावली की घूं. मग कुणीतरी हुशार माणूस तीन पिनच्या जागी दोन पिनचा प्लग लावतो. मांडव ओला, जमीन शेणाने सारवलेली किंवा पाण्याने धुतलेली, माइकचा स्टँड लोखंडी, आणि तो धरणार आपली सात-आठ वर्षांची मुलगी. लिंकचं जे दुखणं तेच हे दुखणं, आणि उपायही तोच. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची डबी मिळते, किंमत काही शे रुपये, आत वर सांगितलेलेच दोन ट्रान्सफॉर्मर. तीही नाही मिळाली तर तेवढ्या वेळापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आणि मांडवाच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का, ते वीज जोडणाऱ्याला सरळ विचारा. विचारायला लाजू नका.

आपल्या जुन्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, तोही सांगतो. सुलतान बझारच्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. आजोबांच्या काळात दोन वायरींवर दिवे आणि एक व्हॉल्व्हचा रेडिओ चालायचा, तेवढ्याला भागत होतं. आता तिथेच फ्रिज, गीझर, कॉम्प्युटर लागलेत. अशा घरात घूं कमी येते, आणि म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला अनवाणी हात लावला की झिणझिणी येते का, आठवून बघा. येत असेल तर हा महिना संपायच्या आत चांगल्या वायरमनला बोलवा. न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वाटेत न्यूट्रल तुटली तर घरातल्या सगळ्या कॅबिनेटवर फेज येते.

तो कापलेला प्लग आम्ही बदलला. ऑडिओला मोडेममधला ट्रान्सफॉर्मर, पीटीटीला ऑप्टो, निगेटिव्ह जाड केले. घूं गेली, आणि अर्थिंगही जागेवर. खर्च झाला तो दोघा-तिघांच्या चहा-भज्यांसह पाचशेच्या आत.

तुमच्या गावच्या मंडळात, हॉलमध्ये, गच्चीवर काय अवस्था आहे ते कमेंटमध्ये लिहा. कुणाच्या घरी जुने हॅम असतील, १९९३ साली किल्लारीला गेलेले असतील, तर त्यांच्या आठवणीही लिहा. ती माणसं आता वयस्कर झालीत, ऐकून घ्यायला हवं. आणि एक काम आजच करा. घरातल्या आणि मंडळाच्या सगळ्या एक्स्टेन्शन बोर्डांचे प्लग बघा. ज्याची जाडी पिन कापलेली असेल, तो आजच बदला. नवा प्लग पन्नास-साठ रुपयांना मिळतो.